२.३ टक्क्यांनी काय सिद्ध होते?

‘टोपोलॉजिकल सेमीमेटलमधील इलेक्ट्रॉन एकमेकांची दखलच घेत नाहीत, म्हणून ग्राफीन नेमका २.३ टक्के प्रकाश शोषते आणि म्हणूनच त्यातून वीज विनाअडथळा वाहते’ असा एक संदेश सध्या विज्ञानप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर; टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणजे ज्यांत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्या, अर्थात त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांचे पट्टे, ठरावीक बिंदूंवर किंवा रेषांवर एकमेकांना छेदतात असे पदार्थ.) बी.एस्सी.ला असलेल्या माझ्या भाच्याने तो सेमिनारच्या टिपणात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

आकडा खरा आहे, एवढे मान्य करावेच लागते. २००८ साली मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने धातूच्या पत्र्यातील सूक्ष्म छिद्रावर ग्राफीन ताणून त्यातून प्रकाश सोडला, तेव्हा रिकामी जागा, एक थर, दोन थर अशा पायऱ्या दिसल्या आणि दर थरामागे २.३ टक्के प्रकाश घटला. इलेक्ट्रॉनांमधील परस्परक्रिया, म्हणजे त्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम, वगळून मांडलेल्या सूत्राचे उत्तरही हेच येते. पण त्यावरून परस्परक्रियाच नाहीत असे म्हणणे म्हणजे महिनाअखेर खात्यात तेवढीच शिल्लक दिसली म्हणून मधल्या काळात काही व्यवहारच झाला नाही असे मानणे होय.

अधांतरी ताणलेल्या ग्राफीनमध्ये परस्परक्रियेची तीव्रता सांगणारा अंक सुमारे २.२ असतो, मुक्त अवकाशात तोच अंक १/१३७ इतका लहान आहे. मँचेस्टरच्याच गटाने २०११ साली दाखवून दिले की डिरॅक बिंदूच्या, म्हणजे ऊर्जापट्ट्या जिथे छेदतात त्या बिंदूच्या, जवळ जाताना इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे १० लाख मीटरवरून ३० लाख मीटरपर्यंत चढतो. एकमेकांची दखल न घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग असा तिप्पट कसा होईल, हे संदेशकर्त्याने सांगावे. तरीही प्रकाशीय वाहकता (प्रकाशाला इलेक्ट्रॉन किती प्रतिसाद देतात याचे माप; शोषण तिच्यावरच ठरते) जागची फारशी हलत नाही, कारण वेग बदलल्यामुळे येणारी दुरुस्ती आणि इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांच्या आकर्षणामुळे येणारी दुरुस्ती एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. उरतो तो (१९ − ६π)/१२, म्हणजे सुमारे ०.०१३ एवढाच दुरुस्तीचा गुणक, आणि तो किती धरावा यावरही सिद्धांतकारांत काही वर्षे वाद झाला. अतिनील भागात मात्र ही खोडाखोड पुरी पडत नाही: आकर्षण वगळून केलेल्या गणनेत शोषणाचे शिखर ५.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते, तर प्रयोगात ते ४.६ ला दिसते.

‘विनाअडथळा’ हा दावा फार वेळ देण्याजोगा नाही. टोपोलॉजी ऊर्जापट्ट्यांच्या छेदनबिंदूला संरक्षण देते. अशुद्धी आणि जालकाची (अणूंच्या नियमित मांडणीची) कंपने यांवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांना नव्हे.

शिवाय ग्राफीनचा नियम सगळ्या सेमीमेटलना लावणेही चूकच. त्रिमितीय वाइल सेमीमेटलमध्ये (ज्यात पट्ट्या सुट्या बिंदूंवर छेदतात) प्रकाशीय वाहकता स्थिर नसते, ती वारंवारतेबरोबर वाढते. झिर्कोनियम सिलिकॉन सेलेनाइड या नोडल-लाइन (पट्ट्या रेषेवर छेदणाऱ्या) सेमीमेटलवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तर मुक्त वाहकांचा प्रकाशीय प्रतिसाद पट्टासिद्धांताच्या (परस्परक्रिया फारशा न धरता ऊर्जापट्ट्या काढणाऱ्या सिद्धांताच्या) अंदाजापेक्षा बराच कमी आढळला, आणि संशोधकांनी त्याचे कारण इलेक्ट्रॉनांमधील परस्परक्रिया हेच दिले.