शब्दसाम्य जिथे साथ सोडते

‘आतोमो’, ‘मोलेकुला’, ‘आसिदो’ हे शब्द घरचेच असल्यामुळे इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना ॲटम, मॉलिक्यूल आणि ॲसिड या संज्ञा चटकन कळतात, असे एका लेखात म्हटले आहे आणि ते मला मान्य आहे. मात्र हे साम्य कोठे दगा देते, याचाही त्या लेखात विचार व्हायला हवा होता. स्पॅनिशमध्ये ‘कार्बोनो’ म्हणजे कार्बन हे मूलद्रव्य, तर ‘कार्बोन’ म्हणजे कोळसा. त्यामुळे इंग्रजीतील ‘कार्बन’ ऐकताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर कोळसाच उभा राहण्याची शक्यता असते आणि हा फरक शिक्षकाने पहिल्याच तासाला स्पष्ट करणे मला फार आवश्यक वाटते.

याउलट, मूलद्रव्यांच्या चिन्हांच्या बाबतीत स्पॅनिश हा मोठा आधार आहे. सोन्याला ‘ओरो’, तांब्याला ‘कोब्रे’ आणि शिशाला ‘प्लोमो’ म्हणणाऱ्या मुलाला एयू, सीयू, पीबी ही लॅटिन नावांवरून आलेली चिन्हे इंग्रजीभाषक मुलापेक्षा अधिक जवळची वाटतात. चांदी मात्र अपवाद आहे, कारण ‘प्लाता’ या तिच्या स्पॅनिश नावातून एजी हे चिन्ह सापडत नाही. टंगस्टनचे डब्ल्यू हे चिन्ह त्याच्या ‘वोल्फ्रामियो’ या स्पॅनिश नावाशी सरळ जुळते. हा धातू 1783 मध्ये स्पेनमधील बेर्गारा येथे एलुयार बंधूंनी प्रथम वेगळा केला, ही माहितीही त्याच धड्यात आवर्जून द्यावी.