एआयचं स्टिकर आणि धुण्याचा हिशोब

सणासुदीच्या ऑफर्सबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरणारा मजकूर: ‘एआय वॉशिंग मशीन कपडा ओळखतं, तुमच्या सवयी शिकतं, वीज वाचवतं. हे तंत्रज्ञान आत्ताच आलंय. साधं मशीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ एकेक दावा बघू.

कपडा ओळखतं म्हणे. सुरुवातीला ड्रम थोडा इकडे-तिकडे फिरतो. तो फिरवायला मोटरला किती जोर लागला, यावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. काही मॉडेल्स कपडा मऊ की जाडजूड, हेही अशाच खुणांवरून ठरवतात. त्यासाठीचं गणित चाचण्या घेऊन कारखान्यातच भरून दिलेलं असतं. एवढ्याला एआय म्हणायला माझी हरकत नाही. पण जीन्स, टॉवेल आणि आईची सुती साडी एकत्र कोंबलीत, तर अख्ख्या गठ्ठ्याचा मिळून एकच अंदाज निघतो. रंग जाणारा लाल कुर्ता तर तुम्हालाच बाजूला काढावा लागतो.

आत्ताच आलंय? ‘थोडं’, ‘बरंच’ अशा अंदाजी गोष्टींचं गणित मांडणाऱ्या फझी संचांची कल्पना संशोधक लोत्फी झादे यांनी मांडली १९६५ मध्ये. मात्सुशिताने (आजची पॅनासॉनिक) त्या तर्कावर, म्हणजे ‘फझी लॉजिक’वर चालणारं वॉशिंग मशीन जपानमध्ये १९९० मध्ये विकायला काढलं. कपडे किती, पाणी किती गढूळ, हे बघून ते धुण्याची वेळ ठरवायचं. पुढे आपल्याकडेही ‘फझी लॉजिक’ची स्टिकरं झळकली, आठवत असतील.

सवयी शिकणं म्हणजे बऱ्याचदा, तुम्ही नेहमी लावता तो प्रोग्रॅम पडद्यावर आधी दिसणं. असो.

खरी मेख विजेत आहे. फ्रंट लोडमध्ये गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की सगळ्यात जास्त वीज खातो तो हीटर. ६० अंशांऐवजी साध्या पाण्यात धुतलंत, तर जेवढी वीज वाचते तेवढी धुण्याची पाच-दहा मिनिटं कमी करून वाचत नाही. आणि ते बटण तुमच्या हातात आहे, एआय असो वा नसो. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये मुळात वाचवायलाच फारसं काही नसतं. एसीचंही तेच: १८ वर ठेवून ‘एआय मोड’ दाबण्यापेक्षा २४ वर ठेवा.

दुकानात गेलात तर बीईईच्या (सरकारची ऊर्जा कार्यक्षमता संस्था) स्टार लेबलवरचे आकडे दोन मॉडेल्स शेजारी ठेवून वाचा. सेल्समनला विचारा, यात सेन्सर कोणते, ते नेमकं काय बदलतात, आणि वॉरंटी संपल्यावर मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं तर नवं केवढ्याला पडतं.