निपाणीच्या गुरुजींना उत्तर : ‘हळू’ नेमकं कुणाचं?

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार. इंग्रजीतले पार्टिसिपल (क्रियापदापासून झालेली ‘वॉकिंग’सारखी रूपं) आणि क्रियाविशेषणं यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही निपाणीहून सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. मराठी वाक्य शेजारी ठेवून इंग्रजी शिकवलं की मुलं मनात भाषांतर करत बसतात, आणि ती खोड मोडण्यात तुमची सगळी नोकरी गेली. वाक्याच्या तोंडाशी आलेल्या ‘इंग’ रूपाचा कर्ता ‘नेहमी’ पुढच्या वाक्याचाच कर्ता असतो, हे माझं विधान चूक आहे. आणि सीमाभागातल्या मुलांवर आधीच मराठी-कन्नडचं ओझं असताना हा व्याकरणाचा काथ्याकूट कशाला?

दुसरा आक्षेप मान्य. ‘जनरली स्पीकिंग, द रोड्स आर बॅड’ यात रस्ते बोलत नाहीत, तरी वाक्य बिनचूक आहे. ‘स्ट्रिक्टली स्पीकिंग’, ‘जजिंग बाय’, ‘कन्सिडरिंग’ ही वापरून वापरून रुळलेली रूपं. बोलणारा कुठल्या अंगानं बोलतोय एवढंच ती सांगतात आणि कर्त्याच्या बंधनातून सुटतात. ‘जनरली स्पीकिंग’ आणि ‘स्ट्रिक्टली स्पीकिंग’ तर क्रियाविशेषण अधिक पार्टिसिपल अशाच जोड्या आहेत, म्हणजे माझ्याच विषयातल्या. त्या माझ्या नजरेतून सुटायला नको होत्या.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. खानापुरात संध्याकाळी माझ्याकडे येणारी मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड. हाक मारली की ‘येऊलालो सर’ म्हणतात. पावसाळ्यात त्यांतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं : ‘वॉकिंग स्लोली टू द स्टँड, द रेन स्टार्टेड.’ तिच्या मनातलं मराठी वाक्य चोख होतं : ‘हळूहळू स्टँडकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला.’ आपला ‘ताना’ उदार आहे. चालणारा एक आणि सुरू होणारा दुसरा असला तरी त्याची हरकत नसते. इंग्रजीत मात्र पाऊसच हळूहळू स्टँडकडे निघतो.

मी तिला नियम सांगितला नाही. म्हटलं, ‘जेवण करून पाऊस आला’ असं म्हणून बघ. वर्ग हसला. मग तेच कन्नडात, ‘ऊट माडि मळे बंतु’, म्हटलं, पुन्हा हसला. जेवणारा आणि येणारा एकच हवा, हे मराठीतल्या ‘करून’नं आणि कन्नडातल्या ‘माडि’नं त्यांच्या कानाला केव्हाच शिकवलेलं होतं. (‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ यात कर्ते दोन आहेत हे तुम्ही लगेच दाखवाल, पण तिथं एका गोष्टीतून दुसरी आपोआप घडते.) वाक्य ‘इंग’नं सुरू झालं की ‘ताना’चा कान मिटायचा आणि ‘करून’मधल्या ‘ऊन’चा कान उघडायचा, एवढं सांगितलं. तिनं स्वतःच खोडून लिहिलं : ‘वॉकिंग स्लोली टू द स्टँड, आय गॉट वेट.’ गुरुजी, भाषांतर करताना तिनं शब्दाजागी शब्द ठेवला होता आणि फसली होती. वाक्यांची घडण ताडून पाहिली तेव्हा सुटली.

खरी अडचण पुढे येते, जिथं आपले दोन्ही कान काही सांगत नाहीत. ‘द मॅन ड्रायव्हिंग स्लोली टर्न्ड लेफ्ट.’ हळू काय झालं, गाडी चालवणं की वळणं? मराठीत हा प्रश्नच उठत नाही. ‘हळू गाडी चालवणारा माणूस डावीकडे वळला’ किंवा ‘गाडी चालवणारा माणूस हळूच डावीकडे वळला’. आपलं क्रियाविशेषण आपल्या क्रियेच्या आधी येऊन बसतं आणि विशेषणासारखं धातुसाधित नामाच्या आधी. कन्नडातही तसंच. इंग्रजीत ‘ड्रायव्हिंग’ नामाच्या मागून येतं, ‘स्लोली’ त्याच्याही मागून, आणि पुढे लगेच दुसरं क्रियापद उभं असतं. दोन क्रियापदांमध्ये सापडलेला तो शब्द दोन्हीकडे बघतो. अपघाताच्या जबाबात असं वाक्य गेलं तर? ‘ड्रायव्हिंग स्लोली, द मॅन टर्न्ड लेफ्ट’ लिहिलं की शंका मिटते. एक स्वल्पविराम आणि शब्दांची अदलाबदल, पण त्यावर माणसाची चूक की बरोबर हे ठरू शकतं. म्हणून याला मी काथ्याकूट म्हणणार नाही.

नोकरीच्या अर्जात एका मुलानं स्वतःला ‘हार्डली वर्किंग’ लिहिलं होतं. म्हणायचं होतं ‘हार्डवर्किंग’. क्रियाविशेषण म्हणजे शेवटी ‘ली’, हे त्याला कुणीतरी घोटून पाठ करून दिलेलं. ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लेट’ हे शब्द ‘ली’शिवायच क्रियाविशेषणाचं काम करतात, आणि ‘हार्डली’चा अर्थ ‘जेमतेम’ असा उलटा निघतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मेहनती पोरगा, आणि स्वतःच्या हातानं जेमतेम काम करणारा ठरला. मला ते अजून टोचतं.

‘रनिंग रनिंग ही केम’ हे तुम्हीही वह्यांत शेकड्यानं पाहिलं असेल. ‘हसत हसत’ आणि तेच कन्नडातलं ‘नगुनगुत्ता’ दोन्ही घरी दुहेरीच, म्हणून मूल इंग्रजीतही दुहेरी करतं. तिथं एकदाच ‘रनिंग’ पुरतं. पण कुठली सवय घरी ठेवायची आणि कुठली सोबत न्यायची, हे दोन भाषा येणाऱ्या मुलाला लवकर उमगतं असा माझा अनुभव आहे. त्यामुळे ओझं हा तुमचा शब्द मला मान्य नाही.

लेखातला ‘नेहमी’ काढून तिथं ‘बहुतेक वेळा’ केलं आहे, आणि खाली ‘जनरली स्पीकिंग’चा परिच्छेद तुमच्या आक्षेपासकट जोडला आहे.