पाऊस आला की नेट जातंय

बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरांच्या भिंती बघितल्यात काय कधी? हातभर जाड. बांधताना आमच्या आज्ज्यानं उन्हाळ्याचा विचार केलेला, चोराचा केलेला, भाऊबंदांचा तर नक्कीच केलेला, वायफायचा तेवढा राहून गेला. हॉलमधलं वायफाय माळ्यावरच्या खोलीत पोचेपर्यंत अर्धमेलं होतंय आणि मला तर वरच बसून बेंगळूरच्या ऑफिसचं काम करायचं असतंय, म्हणून नेट जोडायला आलेल्या पोरानं हॉलमधनं लॅन केबल, म्हणजे नेटची तार, काढून दिली, खिडकीतनं बाहेर, पन्हाळीच्या कडेनं वर आणि वरच्या खिडकीतनं आत. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते, आमची त्याच्या पाव पण नसेल. उन्हाळाभर झकास चाललं. मग मिरगाचा पाऊस लागला आणि नेट जायला लागलं.

म्हणजे कसं, सर आली की नेट गेलं, सर ओसरून ऊन पडलं की आलं. आता बेळगावचा पाऊस काय सांगून थांबणारा आहे? मीटिंगमध्ये मी तोंड उघडं ठेवून गोठलेला, तिकडं साहेब "हॅलो, हॅलो" करायलाय.

आमच्या घरात नेटबद्दल मत नसलेला माणूस नाही. आईचं म्हणणं, पावसात सगळंच जातंय, लाईट जातंय, टीव्ही जातंय, नेट काय वेगळं आलं. बायकोचा संशय फायरवॉलवर. ही फायरवॉल, म्हणजे घरातल्या नेटवर पहारा ठेवणारा डब्बा, ही आमच्या भाच्याची कृपा. तो व्हीटीयूचं, म्हणजे इथल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, इंजिनिअरिंग करतोय, त्यानं ऑफिसातनं भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणला, त्यात जादा लॅन कार्डं घातली आणि टीव्हीखाली बसवून दिला. एक पोर्ट बाहेरनं नेट आणणाऱ्या फायबरच्या डब्ब्याला, एक हॉलच्या वायफायला, एक माझ्या माळ्याला. बसवल्या दिवशी नेटच येईना, कारण कंपनीकडं जुन्या राउटरचाच मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख नंबर, नोंदलेला, मग तोच नंबर ह्या डब्ब्याला चिकटवला तेव्हा कुठं चालू झालं. त्या दिवसापासनं घरात दूध नासलं तरी बायको टीव्हीखाली बघते.

आणि शेजारचे मामा. त्यांचे साडीचे माग आहेत, आणि त्यांना मनापासून वाटायला लागलं की त्यांच्या मागाच्या मोटारीनंच आमचं नेट हलतंय. माणूस भला, स्वतःवर आळ घेणारा शेजारी आजकाल कुठं मिळतो. मी त्यांना एक कापलेला तुकडा सोलून दाखवला, आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडचं कार्ड दोन्हीतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळं गोंगाट आपोआप वजा होतो. मामांनी चष्मा वर करून तार बोटांत फिरवली, "पीळ बरा हाय की," म्हणाले, आणि तरी पण माझ्या मीटिंगच्या वेळी माग बंद ठेवायला लागले.

कस्टमर केअरनं राउटर बंद करून चालू करायला सांगितला. तो त्यांचा श्लोक आहे, तो झाल्याशिवाय पुढं काही होत नाही. मग फायबरच्या डब्ब्यावरचे दिवे विचारले, एलओएसचा लाल दिवा लागलाय काय? नाही. तो लागला असता तर बाहेरनं प्रकाशच येईना असा अर्थ, मग मी रिकामा झालो असतो. पण भर पावसात सुद्धा तो विझलेला, आणि खाली हॉलमध्ये पोरं मजेत कार्टून बघायलीत. म्हणजे पाऊस फक्त माझ्याच नेटवर पडतोय!

भाच्याला बोलावलं. त्यानं केबल-बिबल काही बघितलं नाही, थेट सेटिंगात शिरला. इथरनेटचं पाकीट 1500 बाईटचं, त्यातले 8 पीपीपीओईच्या, म्हणजे कंपनीकडं लॉगिन करायच्या पद्धतीच्या, लखोट्याला जातात म्हणून एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, 1492 पाहिजे, हे त्यानं मला जेवण गार होईपर्यंत समजावलं. 1492 केलं. पाऊस आला, नेट गेलं.

त्यातच एक उपकथानक निघालं. माळ्यावर मेव्हण्यानं दिलेला जुना राउटर होता, नुसता तारा वाटायला ठेवलेला, पण तो गुपचूप स्वतःच लॅपटॉप-मोबाईलना नेटवरचे पत्ते पण वाटायचा. खालची फायरवॉल 192.168.1 चा पत्ता देणार, हा वरनं 192.168.0 चा, ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा लॅपटॉप. आता पत्ता नक्की कुणाचा ह्या वादाची आम्हा बेळगाववाल्यांना सवय आहे, 1956 पासून चाललाय आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण आपल्याच माळ्यावर तेच बघितल्यावर मला भरून आलं. मेव्हण्याच्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे हे पत्तेवाटप, बंद केलं. पुढच्या सरीला लॅपटॉपवर 169.254 नं सुरू होणारा आकडा आला, म्हणजे कुणीच पत्ता दिला नाही म्हणून गड्यानं स्वतःच एक घेतला. थोडक्यात, केंद्रशासित.

पण ह्यानं एक समजलं, की वर-खालचं बोलणंच तुटतंय. मग कंपनीचं पोरगं टेस्टर घेऊन आलं. स्वच्छ ऊन पडलेलं. केबलच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीनं लागले. "केबल चलो ऐतरी," केबल चांगली आहे असं कानडीत म्हणालं, चहा प्यालं आणि गेलं.

शेवटी मी फायरवॉलचा लॉग, म्हणजे तिच्या नोंदी, काढून बसलो. माळ्याच्या पोर्टाची लिंक डाऊन, लिंक अप, लिंक डाऊन, मधेच वेग 1000 एमबीपीएसच्या जागी 100. हे 100 महत्त्वाचं. गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात, म्हणून एखादी जोडी मेली की लिंक धडपडते आणि कधीकधी खालच्या गिअरवर येऊन 94 च्या आसपास रांगत राहते. जोडी मरतेय, पण पावसातच का मरतेय? केबलच्या आत पाणी गेलं म्हणावं तर ऊन पडल्या पडल्या एवढ्या लवकर वाळेल कसं?

तेवढ्यात आभाळ भरून आलं, थेंब पडायच्या आधीच आईनं खालनं हाक मारली, "खिडक्या लावून घ्या रे!" आणि हॉलची खिडकी धाडदिशी ओढली. पोर्टावरचा हिरवा दिवा विझला. पाऊस अजून पडलाच नव्हता.

खिडकी उघडायला लावली. दिवा आला. लावली, गेला. आईला वाटलं मला काहीतरी झालंय.

फळी आणि चौकटीच्या फटीत केबल चेपून चपटी झालेली, तपकिरी जोडी आत तुटलेली, खिडकी उघडी असली की टोकाला टोक टेकायचं आणि लावली की सुटायचं. खडेबाजारातनं नवी केबल आणली, ह्या वेळी नुसत्या तांब्याची, ते तांब्याचं पाणी दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नको म्हणून ठणकावून सांगितलं, आणि सुताराकडनं फळीच्या कोपऱ्याला खाच पाडून घेतली. नेट पूर्ण वेगानं आलं. कंपनीचा मेसेज पण आला, तक्रार मिटली, कारण: खराब हवामान.

मामांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "मी माग बंद ठेवलो म्हणूनच सापडलं बघ." अजून पण दुपारी कुंपणावरनं विचारतात, मीटिंग हाय काय रे, चालू करू काय? मी नको म्हणतो. नेटला काय होत नाही, पण ती खटाखट पार बेंगळूरच्या साहेबाला ऐकू जाते.