पोराचं काहीतरी बिनसलंय, हे सांगायचं कुणाला?

मागच्या हिवाळ्यात सोलापुरात एका रात्री साडेदहाला अभ्यासिकेचं शटर ओढत होतो, तर पायरीपाशी एक गृहस्थ उभे. टॉवेलच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले, भुवयांवर कापूस तसाच. त्यांचा मुलगा बारावीला. माझ्याकडं अभ्यासाला बसायचा, दोन महिन्यांपासून यायचा बंद झालेला. काही न बोलता त्यांनी मुलाचा मोबाईल माझ्या हातात दिला.

गेम खेळता खेळता ओळख झालेला कुणी 'भाई', नंबर परदेशी. मी दोघांचं चॅट पहिल्यापासून वाचत आलो. सुरुवातीचे तीन आठवडे धर्म नाही, राजकारण नाही. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी 'खाना खाया?' चाचणी परीक्षेच्या दिवशी 'पेपर कैसा गया?' मग हळूच 'तेरे घरवाले तुझे कभी नहीं समझेंगे.' मग जुन्या मित्रांना ब्लॉक कर. मग कुठल्या तरी देशातल्या गोळीबाराचा व्हिडिओ. आणि शेवटी 'तेरे हाथ से बड़ा काम होने वाला है.'

वडील म्हणाले, "पोलिसात गेलो तर पोराचं नाव लागतंय. नाही गेलो तर पोरगंच जातंय. काय करू ओ सर?"

हे कुटुंब कुठल्या धर्माचं, ते मी लिहिणार नाही. कुणी विचारलं तरी सांगणार नाही. ते कळलं की अर्धे लोक पुढचं वाचायचं सोडतील आणि उरलेले अर्धे खूश होतील.

पोरांना असं मोबाईलवरून हिंसेकडं कसं ओढलं जातं, यावर त्या रात्रीपासून मी मिळेल ते वाचतोय. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ ला एकानं दोन मशिदींत ५१ माणसं मारली आणि ते फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या चोवीस तासांत त्या व्हिडिओच्या पंधरा लाख प्रती काढून टाकल्या, असं फेसबुकनंच सांगितलं. तीन वर्षांनी अमेरिकेत बफेलोला १८ वर्षांच्या मुलानं त्याचाच कित्ता गिरवून सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांना मारलं. टाळेबंदीत कंटाळा आला म्हणून असला द्वेष पसरवणाऱ्या वेबसाइटवर जायला लागलो, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं. कंटाळा! आपल्या घरातली किती पोरं याच एका शब्दावर रात्र काढतात.

लंडनच्या तीन शाळकरी मुलींचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या तुर्कस्तानमार्गे सीरियात आयसिसकडं गेल्या. त्यांची एक मैत्रीण आधीच गेली होती, म्हणून पोलिसांनी चौकशीसाठी पालकांच्या नावे पत्रं दिली होती. दिली कुणाकडं? त्या मुलींच्याच हातात. मुली गेल्यावर ती पत्रं त्यांच्या खोल्यांत दडवलेली सापडली. लंडनच्या पोलिसप्रमुखांना पुढं माफी मागावी लागली. त्यांतली शमीमा बेगम तेव्हा पंधरा वर्षांची होती. चार वर्षांनी सीरियातल्या एका छावणीत सापडली, ब्रिटननं नागरिकत्व काढून घेतलं, तिची तिन्ही लेकरं दगावली. तिनं केलं ते चूकच. पण आई-बापांपर्यंत एक कागद पोचला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि हे सगळं लंडनचंच आहे असंही नाही. कल्याणचे चार तरुण २०१४ च्या मे महिन्यात यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून गायब झाले, ते आठवत असेल.

डेन्मार्कमधल्या आरहुस शहरातून २०१३ अखेरपर्यंत तीसेक तरुण सीरियाला गेले होते. तिथं पोलीस आणि नगरपालिका एकत्र बसले. आई-बापांना फोन करायला जागा केली, मुलाला एक मोठा माणूस जोडून दिला, शिक्षण, नोकरी, घर यांत मदत केली. गुन्हा केला असेल तर खटला, नसेल तर परतायचा रस्ता. पुढच्या वर्षी जाणारे जवळजवळ थांबले. एवढ्यानंच थांबले असा दावा मी करणार नाही, पण तिथल्या बापाला कुणाला फोन करायचा ते माहीत होतं. माझ्या पायरीपाशी उभ्या असलेल्या बापाला नव्हतं.

एक सांगतो आणि पुढं जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला एकत्र फासावर गेले. त्यांच्या सोलापुरातल्या पोराला 'बड़ा काम' म्हणजे काय, हे तोंड न दाखवणारा कुणी भाई शिकवतो, याचा मला संताप येतो.

आम्ही काय केलं? फार काही नाही. पुण्याहून त्याचा मावसभाऊ येऊन चार दिवस राहिला. मी रोज संध्याकाळी त्याला अभ्यासिकेत नुसता बसवून घेतला, उपदेश केला नाही. त्याची आई विड्या वळते. तिनं रात्री विड्यांचं सूप बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जेवायला सुरुवात केली. तेवढ्या वेळाच्या विड्या बुडाल्या, मजुरी बुडाली. नंबर त्यानं दोन महिन्यांनी स्वतः ब्लॉक केला. अजून फारसा बोलत नाही.

त्यानं कुणाला इजा करायचं ठरवलं असतं, तर मी त्याच रात्री पोलीस ठाण्याची पायरी चढलो असतो, हे वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. पण तिथवर पोचायच्या आधी काही महिने असतात, आणि त्या काळासाठी आपल्याकडं माझ्या माहितीत कुणीच नाही. महापालिका, पोलीस आयुक्तालय आणि सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग यांनी मिळून एक नंबर द्यावा. उचलणारा माणूस शिकलेला असावा आणि फोन करणाऱ्याच्या पोराचं नाव लगेच कुठल्या रजिस्टरात जाऊ नये. एवढंच मागतोय.

परवा त्या वडिलांचा फोन आला. "सर, आमच्या पाळीतल्या एकाचं पोरगं पण रात्रभर जागतंय म्हणतोय. तुमच्याकडं पाठवू का?" मी अभ्यासिका चालवतो, मला यातलं शिक्षण नाही. तरी पाठवा म्हणालो. उद्या साडेदहाला येणार आहेत.