‘कडू कारले’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

‘दहा युरोच्या आतल्या चांगल्या रेड वाइन’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण तिच्याखाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझ्या किमती भारतातल्या वाचकाच्या काही कामाच्या नाहीत; मी सुचवलेली रिओहा (स्पेनमधल्या त्याच नावाच्या भागातली रेड) जावयाने आणली होती, ती मे महिन्यात पुण्यात मटणाच्या तांबड्या रश्शाबरोबर घेतली तर घसा जळला; नाशिकचा मी उल्लेखही करत नाही; हा सगळा दारूचा प्रचार आहे; आणि हे तुमच्याच शब्दांत, ‘लेबल झाकून पाजली तर लेखकमहाशयांना मर्लो आणि कोकम सरबत यांतला फरक सांगता येणार नाही, बोर्दोमध्ये हे कधीच सिद्ध झालंय.’ पुढे दात काढणारा चेहरा. (मर्लो म्हणजे रेड वाइनचं एक द्राक्ष.)

किमतीचं मान्य. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क, वर राज्याचा कर. इथे युरोपात सुपरमार्केटात सहा युरोला मिळणारी बाटली मुंबईत स्वस्त राहत नाही. लेखात तशी ओळ टाकली आहे. झालं समाधान?

आता कोकम सरबत. शंका जरूर घ्या, पण शंका घ्यायचीही एक रीत असते. ‘लेबल झाकून चाखल्या होत्या का?’ एवढंच विचारलं असतंत तर एका शब्दात उत्तर दिलं असतं. ‘लेखकमहाशय’ म्हणून टोपी उडवायची आणि वर उत्तराची अपेक्षा ठेवायची, हे मला जमत नाही. आपली ओळख नाही, पाळख नाही. मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढलोय. वडील मणी तोंडात टाकून गोडी किती भरली ते सांगायचे, मीटरने मोजणारा माणूस नंतर यायचा. रेड वाइनचा तुरटपणा सालीतून आणि बियांतून उतरतो हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. जिभेला ते आधीच ठाऊक होतं. (आमची तास-ए-गणेश बिनबियांची, हे सांगायला कोणी येऊ नका. साल तर होती ना!) अशा माणसाला सरबताची उपमा देताना थोडा विचार करायला हवा होता.

आणि फ्रान्समधल्या बोर्दोचा तो प्रयोग निदान नीट तरी वाचायचा. 2001 साली प्रसिद्ध झालेला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला आणि त्यांनी तिच्या वासाला रेड वाइनचे शब्द लावले. खरं आहे. पण त्यांना वासाचं वर्णन करायला सांगितलं होतं. बाटली पैसे वसूल करते का, हे कोणी विचारलं नव्हतं. शिवाय ते विद्यार्थी. आणि फसण्याचंच म्हणाल तर चिलीत अख्खा देश फसला होता! कार्मेनेर या दुसऱ्याच द्राक्षाच्या वेली मर्लो समजून लावल्या, मर्लो म्हणूनच विकल्या, आणि 1994 मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच वेलतज्ज्ञाने बागेत उभं राहून चूक दाखवली. त्या बागाईतदारांनाही तुम्ही सरबतच पाजणार का?

मुळात मी वासांची जंत्री देतच नाही. स्वस्त रेडमध्ये उणीव झाकायला बनवणाऱ्याच्या हाताशी काय काय असतं ते मी आधी बघतो. थोडी साखर राखली की पहिला घोट गुळगुळीत जातो. ओकच्या लाकडी पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकले की व्हॅनिलाचा वास येतो. युरोपात 2006 पासून त्याला परवानगी आहे. रिओहाच्या ‘क्रियान्सा’ या प्रकाराला मात्र दोन वर्षं मुरवावं लागतं, त्यातलं किमान एक पिंपात. म्हणून सहा युरोत ती घ्या म्हटलं. स्पेनमधल्याच कालातायुदच्या गार्नाचा द्राक्षाचं गणित वेगळं: उंचावरच्या जुन्या वेली, पाऊस कमी, उतारा कमी, म्हणून रस दाट, पण गावाला रिओहासारखं नाव नाही, म्हणून भाव नाही. या वाइन मी अर्धी बाटली ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखतो. नुसत्या गोडीवर उभी असलेली तोवर बसते. हे लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

घसा जळल्याचंही सांगतो, कारण तिथे तुम्ही दोष वाइनला दिलात. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे 16 ते 18 अंश, पुण्यातला मे नव्हे. 35 अंशांवर कुठलीही रेड नुसत्या मद्यार्काने नाकात जाते. त्यात तिखट रस्सा. मिरचीने मद्यार्क आणखी जळजळतो, तुरटपणा आणखी चरचरतो. रश्शाबरोबर घ्यायचीच तर गामे द्राक्षाची फ्रेंच बोजोले घ्या, हलकी आणि कमी तुरट, फ्रिजमध्ये ठेवून गार केलेली. जावयाला बोल लावू नका.

दारूच्या प्रचाराला उत्तर देत नाही. राहिलं नाशिक. मी राहतो त्या गावात नाशिकची बाटली मिळत नाही, आणि न चाखता लिहायची मला सवय नाही. बाकी महाराष्ट्राची वाइन म्हणजे एकटं नाशिक नव्हे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटलीची सान्जोवेझे ही द्राक्षाची जात लावलेली आहे, तिची वाइन बाटलीतही येते. ती तुमच्या यादीत नाही, तरी मला नाशिकचा अभिमान शिकवता, याचं थोडं हसू आलं.