‘चूक माझी नाही, मग माझ्या कंपनीला कशाला कळवू?’

‘प्रत्येक कारमालकाने जपून ठेवावे’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यात गाडीला अपघात झाल्यावर काय करायचं याचे चार सल्ले आहेत. मागून ठोकणाऱ्याची चूक नेहमी शंभर टक्के असते. चूक तुमची नसेल तर स्वतःच्या विमा कंपनीला कळवू नका, नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल. समोरच्याला ‘सॉरी’ म्हणू नका, ती कबुली ठरते. आणि नुकसान किरकोळ असेल तर जागेवर पैसे घेऊन मिटवा.

यातला दुसरा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेते.

कळवणं वेगळं आणि क्लेम करणं वेगळं. अपघात झाला की विनाविलंब कळवा, अशी अट बहुतेक पॉलिसींमध्ये असते, मग तुम्हाला पैसे मागायचे असोत वा नसोत. त्यामागे कारण आहे. आज हात मिळवून गेलेला माणूस तीन महिन्यांनी मानेच्या दुखापतीचा दावा घेऊन येऊ शकतो. तेव्हा तुमच्या वतीने लढायचं असतं तुमच्याच कंपनीला, आणि तोवर गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेली असते, साक्षीदार पांगलेले असतात. ‘वेळेत कळवलं नाही’ म्हणून कंपनीने हात वर केले, तर भांडायलाही जागा उरत नाही.

बोनसचं म्हणाल तर नावातच ‘क्लेम’ आहे, ‘चूक’ नाही. भारतात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, क्लेम घेतला की चूक कुणाचीही असो, साधारणपणे पुढच्या वर्षी बोनस जातो. पण दुसऱ्याने तुमच्यावर केलेल्या थर्ड पार्टी दाव्याने तो जात नाही आणि नुसतं कळवल्यानेही जात नाही. ब्रिटनमध्ये तुमच्या कंपनीने समोरच्याकडून सगळे पैसे वसूल केले, तर बोनस सहसा शाबूत राहतो. या वसुलीला सबरोगेशन म्हणतात: कंपनी आधी तुमची गाडी दुरुस्त करून देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडून पैसे मागते.

जागेवर मिटवायचा सल्ला इथेच उघडा पडतो. पैसे घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत, तर कंपनीचा वसुलीचा हक्कही तुम्हीच संपवून टाकता. शिवाय ‘किरकोळ’ कसं ठरवलं? बंपरचं प्लास्टिक दाबलं की परत फुगून जागेवर येतं, पण त्याच्या मागचे सेन्सर आणि धक्का सोसणारी पट्टी तो काढल्याशिवाय दिसत नाही. मानेचं दुखणंही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतं.

‘सॉरी’बद्दलची भीती अर्धी खरी. ‘चूक माझी, सगळा खर्च मी देतो’ असं बोलू नका, लिहून तर अजिबात देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय असं आश्वासन देण्याला पॉलिसीतच मनाई असते. पण घाबरलेल्या माणसाला ‘लागलं का हो?’ विचारणं ही कबुली नव्हे. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने 2009 मध्ये याच धर्तीवर कायदा केला. जखमी माणसाकडे पाठ फिरवायला लावणारा सल्ला मला तरी पटत नाही.

आता मागून ठोकण्याचं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं मागच्याचं काम, म्हणून सुरुवातीला बोट त्याच्याकडे जातं. पण तो अंदाज आहे, निकाल नव्हे. पुढच्याने रिव्हर्स घेतला असेल, आडवं घुसून ब्रेक मारला असेल, त्याचे ब्रेकलाइट बंद असतील, किंवा मधल्या गाडीला तिसऱ्याने ढकललं असेल, तर चित्र पालटतं. आणि चूक बहुतेक ठिकाणी टक्क्यांत वाटली जाते. ब्रिटनमध्ये 1945 च्या कायद्यापासून स्वतःच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. तिथे 1975 च्या एका निकालाने तर सीटबेल्टचाही हिशोब बांधून दिला: बेल्टने दुखापत पूर्ण टळली असती तर 25 टक्के कपात, नुसती कमी झाली असती तर 15 टक्के. म्हणजे धडकेत तुमची काहीच चूक नसतानाही तुमचे पैसे कमी होऊ शकतात. उलट अमेरिकेच्या व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये थोडीशी चूकही दावा बुडवू शकते. सगळीकडे लागू पडणारं ‘नेहमी शंभर टक्के’ कुठून आणणार?

ब्रेकलाइट चालू होता की नाही, हे तर फुटलेला बल्बही सांगतो. जुन्या पद्धतीच्या बल्बची तार धडकेच्या क्षणी तापलेली असेल तर ताणली जाऊन वेडीवाकडी होते. थंड असेल तर न वाकता कटकन तुटते. एलईडीत तार नसते, पण नव्या गाड्यांमधला रेकॉर्डर धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक टिपून ठेवतो. गॅरेजमध्ये मात्र फुटका टेललॅम्प पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो. विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, पाहून जाईपर्यंत तो पिशवीत घालून ठेवायला सांगा, आणि गाड्या बाजूला घेण्याआधी धोका नसेल तर दोन्ही गाड्या, त्यांच्या चाकांची दिशा आणि रस्त्यावरचे पट्टे एकत्र दिसतील असा एक फोटो काढा.